खेळातील दुखापत आणि विम्याचे अपवर्जन कलम : न्यायालय ते कसे वाचते, आपण कसे वाचावे

खेळताना गुडघ्याचा लिगामेंट फाटतो, शस्त्रक्रिया होते, बिले विमा कंपनीकडे जातात आणि काही आठवड्यांनी दोन ओळींचे पत्र येते : 'पॉलिसीतील अमुक अपवर्जन कलमानुसार आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.' बहुतेक खेळाडू आणि त्यांचे पालक हे पत्र म्हणजे अंतिम निकाल समजून फाइल बंद करतात. वास्तविक करारातील एका वाक्याचा कंपनीने लावलेला अर्थ, यापलीकडे त्या पत्राला मोल नसते, आणि न्यायालय तोच अर्थ लावेल याची कोणतीही खात्री नसते. अपवर्जन कलम, म्हणजे अमुक गोष्टींसाठी विम्याचे पैसे मिळणार नाहीत असे सांगणारे, बोलण्यात ज्याला आपण 'एक्सक्लूजन' म्हणतो ते कलम, न्यायालय काही ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारून वाचते. ते प्रश्न त्याच क्रमाने स्वतःला विचारता आले, तर आपली बाजू कितपत भक्कम आहे हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळते.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे. असे कलम वाचताना आपली नजर खेळाच्या नावावर जाते : गिर्यारोहण, मोटार रेसिंग, स्कूबा डायव्हिंग. वाद मात्र पुष्कळदा त्या नावाला लागून आलेल्या छोट्या शब्दांवर ठरतो. 'खेळामुळे', 'खेळत असताना', 'व्यावसायिक म्हणून', 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' हे ते शब्द. शाळेच्या व्याकरणात शब्दयोगी अव्ययांना एक धडा मिळतो. विम्याच्या करारात त्यांच्यावर सगळी रक्कम अवलंबून असते.

सगळे कागद आधी समोर घ्या

न्यायालय एकटे कलम कधीच वाचत नाही, संपूर्ण पॉलिसी वाचते. म्हणून पॉलिसीचे परिशिष्ट, अटींची पुस्तिका, नंतर जोडलेली पृष्ठांकने (म्हणजे पॉलिसीतील बदलांची पाने, 'एंडोर्समेंट') आणि आपण भरून दिलेला प्रस्ताव अर्ज, हे चारही कागद मिळवावेत. परिशिष्टात 'क्रीडा स्पर्धांतील सहभाग समाविष्ट' असे लिहिलेले असेल आणि पुस्तिकेतील छापील कलम तोच सहभाग वगळत असेल, तर त्या विशिष्ट विमाधारकासाठी मुद्दाम लिहिलेल्या मजकुराला छापील मजकुरापेक्षा अधिक वजन मिळते.

क्लबने किंवा क्रीडा संघटनेने सामूहिक विमा काढलेला असतो तेव्हा खेळाडूच्या हाती बहुधा एक कार्ड असते आणि अटींची पुस्तिका त्याने पाहिलेलीही नसते. अशा वेळी ती पुस्तिका कधी, कोणाला आणि कशा रीतीने दिली गेली, हे लेखी विचारावे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न इन्सुलेटर्स (२०००) आणि भारत वॉच कंपनी (२०१९) या दोन्ही प्रकरणांत असे ठरवले की, विमाधारकाला कळवलेच नाही असे अपवर्जन कलम कंपनीला त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. ही दोन्ही प्रकरणे खेळाची नव्हती. पण तत्त्व कराराचे आहे आणि ते खेळाडूलाही लागू पडते. सामूहिक विम्यात कंपनी म्हणू शकते की आम्ही क्लबला सर्व काही कळवले होते. म्हणून क्लबकडील पत्रव्यवहारही मागून घ्यावा.

दावा नेमका कोणत्या दारावर अडला?

विम्याच्या कराराला दोन दारे असतात. पहिले संरक्षणाचे : 'अपघाताने झालेली शारीरिक इजा' असे काहीतरी घडले असेल तरच आत प्रवेश. दुसरे अपवर्जनाचे : आत आलेला दावाही अमुक कारणासाठी बाहेर. नामंजुरीचे पत्र लिहिणारे दोन्हींची सरमिसळ करतात. न्यायालय करत नाही, कारण पुराव्याची जबाबदारी दोन्ही ठिकाणी वेगळ्या माणसाच्या खांद्यावर असते. पहिल्या दारावर विमाधारकाने सिद्ध करायचे असते की घटना संरक्षणात बसते. दुसऱ्या दारावर कंपनीने सिद्ध करायचे असते की ती वगळलेली आहे. भारतात हे ईशरदास मदनलाल प्रकरणात (२००७) स्पष्टपणे सांगितले गेले आहे आणि इंग्लंडच्या कायद्यातून वाढलेल्या 'कॉमन लॉ' परंपरेच्या इतर देशांतही नियम हाच आहे. अपवर्जनालाच अपवाद असेल, उदाहरणार्थ 'परवानाधारक प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली असल्यास वगळून', तर त्या अपवादापुरता भार पुन्हा विमाधारकावर येतो.

खेळाच्या बाबतीत पहिल्या दारावरचा वाद फार जुना आहे. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लँड्रेस प्रकरण आले. गोल्फ खेळताना उष्माघाताने एका माणसाचा मृत्यू झाला होता आणि पॉलिसीत 'अपघाती साधनांनी' झालेल्या मृत्यूला संरक्षण होते. बहुमताने म्हटले की परिणाम अनपेक्षित असला तरी ऊन आणि खेळ ही साधने अपघाती नव्हती. दावा फेटाळला गेला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी असहमती नोंदवून बजावले की अपघाती परिणाम आणि अपघाती साधन असा भेद करत बसलो, तर कायद्याची ही शाखा दलदलीत रुतेल. पुढे अनेक न्यायालयांनी त्यांचेच म्हणणे स्वीकारले. १९६८ मध्ये ॲरिझोनातील नाइट प्रकरणात धरणावरून पाण्यात सूर मारून मरण पावलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याचा मृत्यू अपघातीच मानला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मधील मार्टिन प्रकरणात कसोटी सोपी केली : त्या माणसाला स्वतःला हा परिणाम अपेक्षित होता का?

भारतात मात्र अलका शुक्ला प्रकरण (२०१९) नजरेआड करून चालणार नाही. मोटारसायकल चालवताना छातीत दुखून पडलेल्या आणि हृदयविकाराने मरण पावलेल्या व्यक्तीचा अपघाती लाभाचा दावा फेटाळला गेला, कारण पॉलिसीला बाहेरून झालेल्या, हिंसक आणि दृश्य साधनांनी घडलेली इजा हवी होती आणि ती सिद्ध झाली नाही. मैदानावर धावताना कोसळलेल्या खेळाडूच्या कुटुंबाने हा निर्णय अवश्य समजून घ्यावा. तिथे अपवर्जन कलमावर कितीही युक्तिवाद केला तरी उपयोग होत नाही, कारण अडचण पहिल्याच दारावर असते. शवविच्छेदनात पडण्याने डोक्याला झालेली इजा नोंदलेली असेल, तर मात्र चित्र बदलू शकते.

शब्द : नैसर्गिक अर्थ आधी, संदिग्धता नंतर

'संदिग्ध शब्दांचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा' हा नियम विमाधारकांना तोंडपाठ असतो. चंदमल जैन प्रकरणात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने तो विम्याला लागू केला. परंतु त्याचा क्रम शेवटचा आहे, हे विसरले जाते. शब्द स्पष्ट असतील तर न्यायालय विमाधारकासाठी नवा करार लिहून देत नाही. ओडिशाच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या प्रकरणात (२०१६) हेच बजावले गेले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी इम्पॅक्ट फंडिंग प्रकरणात सांगितले की अपवर्जन कलम हा संरक्षणाची व्याप्ती ठरवण्याचाच एक भाग आहे, केवळ ते अपवर्जन आहे म्हणून त्याचा ओढूनताणून संकुचित अर्थ लावायचा नाही. कॅनडात भर थोडा वेगळा आहे : संरक्षण व्यापकपणे वाचावे, अपवर्जन संकुचितपणे, आणि हेही संदिग्धता आढळल्यावरच.

भारतातील २००४ चे दोन निकाल शेजारी ठेवले की फरक चांगला दिसतो. पुष्पालय प्रिंटर्स प्रकरणात जवळून गेलेल्या बुलडोझरच्या हादऱ्यांनी इमारतीचे नुकसान झाले होते. पॉलिसीत वाहनाचा 'आघात' असा शब्द होता आणि त्याची व्याख्या नव्हती. न्यायालयाने हादऱ्याने झालेला परिणामही आघातात धरला. हरचंद राय प्रकरणात घरफोडीची व्याख्या पॉलिसीतच होती आणि तिला बळाचा वापर आवश्यक होता. तो सिद्ध न झाल्याने दावा गेला. म्हणून 'धोकादायक खेळ', 'व्यावसायिक', 'शर्यत', 'स्पर्धा' यांपैकी जो शब्द तुमच्या आड येतो, त्याची व्याख्या पॉलिसीत आहे का, हे पहिल्यांदा शोधावे. व्याख्या असेल तर तीच चालते. नसेल तर सामान्य वाचकाला तो शब्द ऐकून जे समजते ते चालते, आणि तिथेच तुमच्या युक्तिवादाला जागा मिळते.

आता एक कलम जवळून पाहू. भारतीय विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवर्जनांची भाषा प्रमाणित केली. त्यातील नवव्या क्रमांकाच्या अपवर्जनाचा आशय असा : धोकादायक किंवा साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून सहभागी झाल्यामुळे आवश्यक ठरलेल्या उपचारांचा खर्च मिळणार नाही, यात पॅराजम्पिंग, रॉक क्लायम्बिंग, गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटार रेसिंग, घोड्यांच्या शर्यती, स्कूबा डायव्हिंग, हँग ग्लायडिंग, स्कायडायव्हिंग, खोल समुद्रातील डायव्हिंग यांचा समावेश होतो, परंतु यादी एवढ्यापुरती मर्यादित नाही.

हे वाक्य सुटे केले तर कंपनीला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. खेळ धोकादायक किंवा साहसी होता. विमाधारक त्यात सहभागी झाला होता. तो व्यावसायिक म्हणून सहभागी झाला होता. आणि त्या सहभागामुळेच उपचार आवश्यक ठरले. यातली तिसरी गोष्ट पत्र लिहिताना सर्रास गाळली जाते. सुटीत हौसेने राफ्टिंगला गेलेल्या माणसाला 'राफ्टिंग वगळलेले आहे' असे कळवले, तर कलमातील सर्वांत महत्त्वाचे दोन शब्दच सोडून दिलेले असतात. उलट प्रशिक्षक म्हणून मानधन घेणारा माणूस त्या शब्दांच्या पुष्कळ जवळ जातो. प्रवासखर्च किंवा बक्षिसाची रक्कम मिळाल्याने कोणी व्यावसायिक ठरतो का, हे व्याख्येअभावी वादाचे राहते. माझ्या मते उपजीविकेचा भाग म्हणून नियमित मोबदला हीच त्या शब्दाची सामान्य समज आहे आणि युक्तिवाद तिथून सुरू करावा.

'यादी एवढ्यापुरती मर्यादित नाही' या शब्दांना घाबरून जाऊ नये. यादीनंतर येणारे व्यापक शब्द यादीतील वस्तूंच्या जातीकडे पाहून वाचले जातात. वरील यादीत उंची, खोली, वेग किंवा प्रवाह यांच्याशी थेट झुंज असलेले खेळ आहेत. बॅडमिंटन किंवा लांब पल्ल्याची धाव त्या जातीत बसवायची, तर कंपनीला बरेच काही दाखवावे लागेल.

कारण : 'मुळे' आणि 'असताना' यांतील अंतर

'शर्यतीमुळे झालेली इजा' वगळली असेल, तर शर्यत आणि इजा यांत कार्यकारणाचा धागा हवा. 'शर्यतीत सहभागी असताना झालेली इजा' वगळली असेल, तर काळाची जुळणी पुष्कळदा पुरते. 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' असे शब्द असतील, तर धागा बारीक असला तरी चालतो. कंपनीचे पत्र यांपैकी कोणत्या शब्दावर उभे आहे, ते पेन्सिलने अधोरेखित करून ठेवावे.

खरी कसोटी दोन कारणे एकत्र येतात तेव्हा लागते. १९७३ या एकाच वर्षी दोन न्यायालयांनी विरुद्ध दिशेने उत्तर दिले, हे मला या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते. इंग्लंडमधील वेन टँक प्रकरणात ठरले की समान बळाच्या दोन कारणांपैकी एक संरक्षित आणि दुसरे स्पष्टपणे वगळलेले असेल, तर अपवर्जन जिंकते. कॅलिफोर्नियातील पार्ट्रिज प्रकरणात सशांच्या शिकारीला निघालेल्या माणसाने पिस्तुलाचा चाप घासून हलका केला होता. गाडी उंचवट्यावर उसळली, गोळी सुटली आणि सोबतची प्रवासी जखमी झाली. घराच्या विम्यात वाहनाच्या वापरातून होणारी इजा वगळलेली होती, तरी घासलेला चाप हे स्वतंत्र आणि संरक्षित कारण आहे म्हणून दावा मान्य झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या आर्च प्रकरणात आणखी एक भेद पक्का केला : दुसरे कारण नुसतेच विम्याबाहेरचे असेल, पण शब्दांनी वगळलेले नसेल, तर त्यामुळे संरक्षण जात नाही.

खेळाडूंच्या बाबतीत हे दुसरे कारण बहुधा शरीराची जुनी झीज असते. ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबचा स्वीडिश आघाडीपटू मार्टिन डालिन याच्या पाठीला १९९८ मध्ये सरावात दुखापत झाली आणि त्याचा खेळ संपला. क्लबच्या पॉलिसीत सांधे, हाडे, स्नायू यांच्या झिजेच्या विकारांमुळे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे आलेले अपंगत्व वगळलेले होते. त्या वयाच्या कितीतरी माणसांत मणक्याची अशी झीज असतेच, तिला विकार कसे म्हणावे, असे क्लबचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने २००५ मध्ये ते मान्य केले नाही; झीज सर्वसामान्य असली तरी ती कलमाच्या शब्दांत येऊ शकते, असे ठरवले. त्याउलट १९१७ च्या मिचेल प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातील अपिलांच्या लंडनमधील सर्वोच्च न्यायपीठाने) मनगट मुरगळल्याने सुप्त क्षयरोग जागा झालेल्या डॉक्टरचा दावा मान्य केला, पॉलिसीत 'इतर सर्व कारणांपासून स्वतंत्रपणे' असे कडक शब्द असूनही. शरीराची नुसती प्रवृत्ती आणि शब्दांनी वगळलेला विकार यांतले अंतर या दोन निकालांत दिसते.

याचा व्यवहारातला अर्थ एमआरआयच्या अहवालाशी जोडलेला आहे. अहवालात 'झिजेचे बदल' असे दोन शब्द असले की कंपनी त्यांवर बोट ठेवते. तेव्हा आपल्या शल्यविशारदांकडून नेमक्या प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यावे : ही घटना घडली नसती, तर केवळ या झिजेमुळे आज ही शस्त्रक्रिया करावी लागली असती का? 'नाही' असे सकारण उत्तर मिळाले, तर 'झिजेमुळे' एवढेच म्हणणाऱ्या कलमाला ते चांगले उत्तर ठरते; 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' असे म्हणणाऱ्या कलमापुढे ते अपुरे पडू शकते, हे मनात ठेवावे. पहिल्या केसपेपरवरील नोंदही तपासावी. घाईत लिहिलेले 'गुडघा जुना दुखतो' हे वाक्य पुढे पुराव्यात येते. मूळ नोंदीत खाडाखोड करू नये किंवा करवून घेऊ नये. डॉक्टरांकडून तारखेसह स्वतंत्र स्पष्टीकरण घ्यावे.

अट मोडली, पण अपघात तिच्यामुळे झाला का?

हेल्मेट घातले नव्हते, मार्गदर्शक बरोबर नव्हता, मान्यताप्राप्त मैदान नव्हते, अशी कारणेही येतात. बी. व्ही. नागराजू प्रकरणात (१९९६) मालवाहू वाहनात परवानगीपेक्षा अधिक माणसे होती, पण अपघात त्यामुळे झाला नव्हता, म्हणून कंपनीची सुटका झाली नाही. ऑस्ट्रेलियात १९८४ च्या विमा करार कायद्याच्या कलम ५४ मध्ये याच स्वरूपाची तरतूद आहे. घोटा मोडलेल्या सायकलपटूला हेल्मेटचे कारण सांगितले, तर हाच प्रश्न विचारावा. मद्यपानाच्या कलमात मात्र सावध राहावे : पर्ल बेव्हरेजेस प्रकरणात (२०२१) श्वासचाचणी नसतानाही परिस्थितीजन्य पुराव्यावरून कंपनी जिंकली. आणि प्रस्ताव अर्जात जुनी शस्त्रक्रिया लपवली असेल, तर शब्दार्थाचे कोणतेही नियम मदतीला येत नाहीत.

कलम इतके व्यापक असेल की विमाच पोकळ होतो, तर 'मुख्य उद्देश' हा मुद्दा घ्यावा. टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात (२०२२) तळघरातील दुकानाचा विमा कंपनीने पाहणी करून उतरवला आणि नंतर तळघर वगळल्याचे कलम पुढे केले. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम बाजूला सारले. गिर्यारोहण मंडळाला माहिती असूनही विकलेल्या पॉलिसीत उंचीवरच्या सगळ्याच इजा वगळलेल्या असतील, तर हा निकाल जवळचा आहे.

उत्तर लिहिताना

कंपनीला पाठवायच्या पत्रात राग नको, प्रश्न हवेत. कोणते कलम, त्याचा पूर्ण मजकूर काय, त्यातील प्रत्येक घटक कोणत्या वस्तुस्थितीवरून सिद्ध होतो असे कंपनी म्हणते, आणि तिचा पुरावा काय. सोबत सामन्याची गुणपत्रिका, पंचांचा अहवाल, सरावाचे हजेरीपत्रक, चित्रफीत असे जे असेल ते जोडावे. फोनवर सांगितलेली कारणे लेखी मागून घ्यावीत, कारण सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात (२०१९) ठरले आहे त्याप्रमाणे नामंजुरीच्या पत्रात न घेतलेले नवे कारण कंपनीला पुढे वादात उभे करता येत नाही. म्हणून ते मूळ पत्र पाकिटासह, मिळाल्याची तारीख वर लिहून जपून ठेवावे. दाद मागण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी त्याच तारखेपासून मोजली जाते.